रात्री वाटीभर चणे भिजत घाला

एक साधी विनंती आहे. आज रात्री झोपायच्या आधी दीड वाटी काबुली चणे निवडा, दोन पाण्यांनी धुवा आणि मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घालून झाकून ठेवा. त्या पाण्यात एक सपाट चमचा मीठ टाका. झालं. कांदा चिरायचा नाही, वाटण करायचं नाही, गॅससुद्धा पेटवायचा नाही. उरलेलं काम उद्याचं.

ही विनंती मुख्यतः अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यात राहून रोज लोकलने कामाला जाणाऱ्यांना आहे. ऑफिस सुटून घरी पोचेपर्यंत आठ वाजतात, आणि पावसाळ्यात रुळांवर पाणी आलं की किती वाजतील ते मोटरमनलाही सांगता येत नाही. दारात चपला काढता काढता प्रश्न येतो, आज जेवायला काय? या प्रश्नाचं उत्तर त्या वेळी शोधायला गेलात की संपलं. भाजी आणलेली नसते. आणली असली तर निवडलेली नसते. मग हात आपोआप फोनकडे जातो आणि पाऊण तासाने दारात पिशवी येते. झाकण उघडावं तर वर बोटभर तेलाचा तवंग आणि खाली तोच तो लाल रस्सा, ज्यात पनीर घातलं काय नि छोले घातले काय, चव एकच. त्या एका पार्सलच्या पैशांत किलोभर काबुली चणे येतात, आणि किलोभर चण्यांत चौघांचं घर निदान चार-पाच वेळा जेवतं.

बाहेर खाऊच नका असं माझं म्हणणं नाही. घाटकोपर पूर्वेच्या खाऊगल्लीत रात्री उभं राहून खाण्यात मजा असते आणि ती मजा मीही सोडत नाही. पण तिथे हौसेने जावं. घरात काहीच नाही म्हणून जाण्यात कसली हौस?

आता हे चणे भिजत कुणी घालायचे, हे आधी ठरवून टाकू, कारण सगळं तिथेच अडतं. उद्या काय करायचं हे रोज रात्री लक्षात ठेवण्याचं काम बहुतेक घरांत एकाच बाईच्या डोक्यावर असतं. तीही नोकरी करते, तीही त्याच गर्दीतून उभी राहून आलेली असते. स्वयंपाकाला बाई लावली तरी ‘बाईला उद्या काय सांगू’ हे तिलाच सुचावं लागतं. तेव्हा नियम असा करा, घरात जो सगळ्यात शेवटी झोपतो त्याने चणे भिजत घालायचे. आयपीएलची शेवटची ओव्हर बघितल्याशिवाय न उठणारा मुलगा असेल, रात्री साडेबारापर्यंत फोनवर अंगठा फिरवत बसणारा नवरा असेल, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी असेल. या कामाला काही विद्या लागत नाही. फक्त त्याला आठवण करून द्यायला कुणी जाऊ नये. आठवण करून द्यावी लागली तर काम तिचंच राहिलं.

चणे घेताना मात्र थोडं बघून घ्या. हरभरा हे रब्बीचं पीक आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला काढतात. देशात सर्वाधिक हरभरा पिकवणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र आहे. विदर्भ-मराठवाड्यात मैलोन्मैल हेच पीक दिसतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेले ‘विजय’, ‘दिग्विजय’ हे देशी वाण शेतकऱ्यांच्या तोंडी असतात, आणि ‘विराट’ हा त्यांचाच काबुली. वाण्याकडे ज्याला डॉलर चणा म्हणतात तो टपोऱ्या दाण्याचा काबुली मात्र मुख्यतः मध्य प्रदेशातल्या माळव्याकडून येतो. सांगायचा मुद्दा असा की चण्याचा हंगाम वर्षातून एकदाच असतो, म्हणून आपल्या हातात पडणारा चणा महिन्याभराचाही असू शकतो आणि दोन वर्षांचाही. उष्ण, दमट हवेत पडून राहिलेला चणा जून होतो. तो नीट भिजत नाही, आणि भिजला तरी शिजत नाही. मुंबईची हवा या कामासाठी अगदी नमुनेदार आहे.

नवा दाणा फिक्या रंगाचा आणि भरलेला दिसतो. जुना पिवळट-तपकिरी, कोमेजलेला, आणि पिशवीच्या तळाशी पिठासारखी भुकटी साचलेली. दाण्याला टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक दिसलं तर भुंग्याने आधीच जेवण उरकलंय असं समजा. मॉलमधल्या पाकिटावर पॅकिंगची तारीख असते, पिकाची नसते, त्यामुळे तिच्यावर फार विसंबू नका. त्यापेक्षा नाक्यावरचा वाणी बरा. मुलुंड-घाटकोपरला असे पिढीजात कच्छी-गुजराती दुकानदार अजून आहेत. त्यांना सरळ विचारावं, “शेठ, नवे आहेत ना? मागच्या वेळचे शिजलेच नव्हते.” रोजचं गिऱ्हाईक तुटायला नको म्हणून तो खरं सांगतो. पावसाळ्याच्या तोंडावर पाच किलोंची थैली भरून ठेवू नका. जून ते सप्टेंबर अर्धा-अर्धा किलोच आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फ्रिजमध्ये जागा असेल तर फारच उत्तम.

भिजवायला आठ ते दहा तास पुरतात. चणे दुपटीहून जास्त फुगतात, तेव्हा पातेलं ऐसपैस घ्या, नाहीतर सकाळी वरचे चणे पाण्याबाहेर डोकं काढून कोरडे बसलेले असतात. मीठ कशाला, असं पुष्कळ जण विचारतात, कारण मिठाने कडधान्य निबर होतं अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. भिजवणीच्या पाण्यात नेमकं उलट होतं. चण्याच्या सालीला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट धरून ठेवतं. मिठातलं सोडियम त्यांची काही जागा घेतं आणि साल मऊ पडते. सकाळी ते पाणी ओतून द्या आणि चणे पुन्हा धुवा. चण्याने पोटात वायू धरतो तो ज्या साखरांमुळे, त्यांतला काही भाग या पाण्यात उतरलेला असतो. मिठाचं पाणी आहे, कुंडीतल्या तुळशीला घालू नका.

एप्रिल-मेच्या उकाड्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हाळ्यातही ओट्यावरचं पातेलं सकाळपर्यंत फसफसतं. पाण्यावर फेस येतो, आंबूस वास सुटतो. त्या दिवसांत पातेलं सरळ फ्रिजमध्ये ठेवा. थंडाव्यात भिजायला दोन-तीन तास जास्त लागतील, पण चणे बिघडणार नाहीत.

एवढं सगळं करूनही चणे कडक राहतात अशी ज्यांची तक्रार असेल त्यांनी आपल्या इमारतीच्या टाकीत कुठलं पाणी पडतं याची चौकशी करावी. पालिकेचं पाणी सात तलावांचं. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. शेवटचे दोन तर बोरिवली आणि मुलुंडच्या मधल्या राष्ट्रीय उद्यानातच आहेत. हे सगळं पावसाचं साठवलेलं पाणी. त्यात क्षार कमी, त्यामुळे कडधान्याला ते फार चांगलं. टँकरचं पाणी बहुतेक वेळा विहिरीचं किंवा बोअरचं असतं, आणि जमिनीतून आलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं. ते चण्याच्या सालीत जाऊन बसतं आणि चणा शिजायचं नाव घेत नाही. जून २०२४ मध्ये तलाव आटले म्हणून पालिकेने १० टक्के पाणीकपात केली होती. अशा दिवसांत सोसायट्या टँकर मागवतात आणि घरोघर कुकरला नावं ठेवली जातात. बिचारा कुकर! टँकर येत असतील तेव्हा भिजवायला आणि शिजवायला पिण्याच्या आरओ फिल्टरचं पाणी वापरा. तांब्याभर पाण्याचा तर प्रश्न आहे.

सोडा? पाण्यात खार असतील किंवा चणे जुनेच पदरात पडले असतील तर भिजवताना पाव चमचा खायचा सोडा घाला आणि सकाळी चणे तीन पाण्यांनी धुवा. त्याने चणे नक्की मऊ होतात. पण दर वेळी सवयीने सोडा घालू नका. जास्त झाला तर साबणासारखी चव येते, आणि ब गटातलं थोडं जीवनसत्त्वही जातं. हॉटेलातले छोले बोट लावताच विरघळतात ते बरेचदा याच कृपेने.

आता सकाळ. डब्यासाठी पोळ्या चालू असतात, दुसरी शेगडी मोकळी असते. भिजलेले चणे कुकरमध्ये थेट टाका, भांड्यात घालून नको. भांड्यात वेळ जास्त लागतो. चण्यांच्या वर दोन पेरं पाणी, अर्धा चमचा मीठ, चमचाभर तेल. तेलाने फेस कमी येतो. कडधान्यासाठी कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, हे कुकरबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि ती पुस्तिका आपण पहिल्याच दिवशी रद्दीत टाकलेली असते. चण्याची साल सुटून वर येते आणि वाफेच्या नळीत अडकू शकते. म्हणून झाकण लावण्याआधी ते उजेडाकडे धरून नळीतून आरपार बघा. पलीकडचा उजेड दिसला पाहिजे.

शिट्ट्या मोजू नका. एका कुकरची शिट्टी दुसऱ्यासारखी नसते, आणि आपल्या इमारतींत भिंती इतक्या पातळ की शेजारच्या दोन शिट्ट्या आपल्या हिशेबात सहज जमा होतात. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि घड्याळ बघा. भिजलेल्या काबुलीला पंधरा ते वीस मिनिटं, काळ्या चण्यांना त्याहून पाच मिनिटं जास्त. मग गॅस बंद. वाफ आपोआप जिरू द्या; शिट्टी चमच्याने उचलून वाफ काढण्याची घाई करू नका. आत पाणी १२० अंशांच्या आसपास असतं. एकदम दाब सुटला की ते उसळतं आणि चणेही फुटतात. वाफ जिरेपर्यंत तुमची आंघोळ होते.

झाकण उघडल्यावर एक चणा घेऊन अंगठा आणि तर्जनीत दाबा. तो लोण्यासारखा पसरला पाहिजे, मध्ये कणी लागता कामा नये. कणी लागली तर तस्सेच आणखी पाच मिनिटं. इथे तडजोड केलीत तर पुढचा सगळा मसाला फुकट आहे, कारण एकदा आंबट घातलं की चणा पुढे मऊ होत नाही. म्हणूनच टोमॅटो, चिंच, आमसूल, आमचूर यांतलं काहीही कुकरमध्ये चण्यांबरोबर जाऊ देऊ नका. ‘सगळं एकदम टाका आणि सात शिट्ट्या काढा’ असं सांगणारे व्हिडिओ पुष्कळ दिसतात. त्या चण्यांचं पुढे काय झालं ते कुणी दाखवत नाही.

चण्यांच्या शिजवणीचं पाणी अजिबात फेकू नका. रश्शाला दाटपणा आणि चव त्यातूनच येते. चणे गार झाले की पाण्यासकट डब्यात भरून फ्रिजमध्ये, आणि तुम्ही आपले गाडी पकडायला मोकळे. मोठं घर असेल तर रविवारी अर्धा किलो एकदम शिजवून तीन डब्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. महिनाभर निर्धास्त.

संध्याकाळचं काम अर्ध्या तासाचं आहे, आणि त्यातली दहा मिनिटं एकट्या कांद्याची आहेत. दोन मध्यम कांदे बारीक चिरा. कढईत तीन चमचे तेल तापवा. मोहरी तडतडली की जिरं, हिंग आणि पाचसहा कढीपत्त्याची पानं, आणि मग कांदा. थोडं मीठ आत्ताच टाका म्हणजे कांदा लवकर पाणी सोडतो. आता गॅस मध्यम ठेवून परतत राहा. कांदा आधी पांढरट होतो, मग काचेसारखा, मग कडेने सोनेरी. बहुतेक लोक काचेसारख्या कांद्यावरच टोमॅटो घालतात आणि मग रश्शाला कच्चट गोडसर वास का येतो म्हणून विचारतात. कांदा बदामी व्हायलाच हवा. तळाला चिकटू लागला तर चमचाभर पाणी घालून खरवडून घ्या. ते खरवडलेलंच सगळ्यात चवदार असतं.

कांदा झाला की इंचभर आलं आणि सहासात लसणीच्या पाकळ्या ठेचून. अर्धं मिनिट. मग गॅस बारीक करून पाव चमचा हळद, एक चमचा लाल तिखट, दोन चमचे धणे-जिरे पूड. मसाला करपायला दहा सेकंद पुरतात, म्हणून लगेच दोन टोमॅटो किसून किंवा बारीक चिरून घाला आणि झाकण ठेवा. तीन-चार मिनिटांनी कडेने तेल सुटलेलं दिसेल. तेल सुटणं म्हणजे तेलाचं डबकं नव्हे. मसाल्याचा गोळा कढईपासून सुटा होऊ लागतो, एवढंच. तीन चमच्यांत ते होतं.

टोमॅटो परवडत नसेल तर त्याच्यासाठी अडून बसू नका. जुलै २०२३ मध्ये तो किलोला शंभराच्या कितीतरी वर गेला होता तेव्हा ज्यांच्या घरात आमसुलं होती त्यांचं काही बिघडलं नाही. तीन आमसुलं, सुपारीएवढा गूळ, आणि रस्सा अस्सल आपल्या वळणाचा.

आता चणे पाण्यासकट कढईत. पळीभर चणे बाजूला काढून वाटीच्या बुडाने कुस्करा आणि पुन्हा त्यातच सोडा. रस्सा दाट व्हायला काजू, क्रीम, मैदा कशाचीही गरज नाही. एक चमचा गोडा मसाला घाला, चव बघून मीठ, आणि मंद आचेवर दहा-बारा मिनिटं उकळू द्या. चण्यात मसाला मुरतो तो याच दहा मिनिटांत. भातावर घ्यायचं असल्यामुळे रस्सा वाटतो त्यापेक्षा थोडा पातळच ठेवा. चणे बसल्या बसल्या पाणी पितात. वाढेपर्यंत आळून येतो.

‘छोले मसाल्या’चं पाकीट आणायचं का? आणलंत तर माझी ना नाही. पण तेवढ्यासाठी दुकानात जायचं कारण नाही आणि घरात नाही म्हणून बेत रद्द करायचं तर मुळीच कारण नाही. मुलुंड कॉलनीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांच्या घरी चणे वेगळे होतात, घाटकोपरच्या गुजराती घरांत त्यात बटाटा आणि चिंच-गूळ पडतो, आणि सिंधुदुर्गातून विक्रोळी-भांडुपला आलेल्या घरात काळ्या वाटाण्यांना जे भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण लागतं तेच काबुलीलाही लावतात. सगळ्यांचं बरोबर आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर सुक्या खोबऱ्याचा चहाच्या चमच्याने दोन चमचे कीस तव्यावर तांबूस भाजून, मिरे-लवंगेबरोबर वाटून घातला की गोड्या मसाल्याचीही गरज उरत नाही. पण हे शनिवार-रविवारचं काम. मंगळवारी रात्री साडेआठ वाजता वाटण करायला बसू नका. मंगळवारी डब्यातला मसाला चालतो.

रस्सा उकळत असतो तोवर भाताचा कुकर. वर्षानुवर्षं बासमतीच हवा असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की चण्याच्या रश्शाबरोबर मोकळा, लांब दाणा हॉटेलात शोभतो. हाताने कालवून खायचं असेल तर कोलम घ्या. आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्याचा वाडा कोलम प्रसिद्धच आहे, २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. बारीक दाण्याचा, हलका आणि रस शोषून घेणारा. नावावर भलताच तांदूळ खपवला जातो, तेव्हा विश्वासाच्या दुकानातूनच आणा. साधा सुरती कोलमही काही वाईट नाही. दीड वाटी तांदूळ दोनदा धुऊन वीस मिनिटं निथळत ठेवा आणि सव्वातीन वाट्या पाणी घाला. नव्या तांदळाला पाणी थोडं कमी लागतं. चमचाभर लिंबाचा रस घातला तर दाणा पांढरा राहतो, पण नाही घातला तरी काही बिघडत नाही.

भात-चण्यांत सत्त्व काय, हा प्रश्न आजकाल जिमला जाणारी मुलं विचारतात. सुक्या चण्यात वजनाचा पाचवा हिस्सा प्रथिनं असतात. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन कमी पडतं ते चण्यात भरपूर असतं, आणि चण्यात जे कमी ते तांदळात मिळतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शिका काढली, तीत दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या ताटात २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं सुचवली आहेत. आपल्या घरी सकाळ-संध्याकाळ मिळून पातळ वरणातून तेवढी डाळ पोटात जाते का, ते एकदा तराजूवर बघा. नाही जात. चण्याच्या दिवशी मात्र सहज भर पडते. मधुमेह असेल त्यांनी भात अर्धा आणि चणे दुप्पट घ्यावेत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर किती खायचं ते आपल्या डॉक्टरांनाच विचारलेलं बरं. वाढताना वरून लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका; चण्यातलं लोह अंगी लागायला लिंबू मदत करतं आणि चहा आडवा येतो. जेवल्याबरोबर कप पुढे करणाऱ्या माझ्या पिढीला हे पटवणं सगळ्यात अवघड.

अंधेरीत तिघा-चौघांत फ्लॅट घेऊन राहणाऱ्या मुलामुलींनी हे मुद्दाम करून बघावं. तीन लिटरचा एक कुकर, एक जाड बुडाची कढई आणि इंडक्शनची शेगडी एवढ्यावर हे सगळं होतं. कुकर नसेल तर मात्र चण्यांच्या वाटेला जाऊ नका. उघड्या पातेल्यात दीड तास आणि तितकं वीजबिल. मेसला कंटाळलो म्हणून रोज मागवणाऱ्यांनी महिन्याचा हिशेब एकदा कागदावर मांडावा, मी आकडा सांगत नाही. स्वयंपाक येत नाही ही सबब आहे. वर जे लिहिलंय त्यात जिथे हात बसावा लागतो अशी एकच गोष्ट आहे, कांदा परतणं, आणि तो दोनदा करपला की येतो.

रात्री भिजत घालायचं राहून गेलंच तर? सकाळी आठवलं तर पाणी खळखळ उकळून त्यात चणे टाका, दोन मिनिटांनी गॅस बंद करून तासभर झाकून ठेवा, आणि मग कुकरमध्ये नेहमीपेक्षा दहा मिनिटं जास्त. संध्याकाळी आठवलं तर चण्याचा हट्ट सोडा. अख्खा मसूर भिजवल्याशिवाय शिजतो. याच फोडणीत, याच मसाल्यात तो घाला. घरच्यांना आधी सांगितलं नसेल तर बेत बदलल्याचं कळणारसुद्धा नाही.

आणि उरलेल्याचं. चण्याचा रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, त्यामुळे थोडा जास्तच करा. डब्यात न्यायचा तर सकाळी आटवून कोरडसर करा, नाहीतर तिसऱ्या सीटवर बसलेल्या माणसाच्या पँटपर्यंत जातो. भात मात्र रात्रभर ओट्यावर ठेवू नका. शिजलेल्या भातात उबदार हवेत वाढणारे जंतू असे असतात की सकाळी भात कितीही गरम केला तरी त्यांनी सोडलेलं विष जात नाही. जेवणं झाली की तासाभरात भात पसरट डब्यात मोकळा करून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी त्याला मोहरी, हिरवी मिरची, शेंगदाणे आणि उरलेले मूठभर चणे घालून फोडणीचा भात करा. वरून कोथिंबीर असेल तर घाला, नसेल तर तशीच डिश पुढे करा.